अर्धा आटा सैल

आमची सूनबाई जंतू पाळते. लोक कुत्री पाळतात, मासे पाळतात, कुणी पोपट पाळतं. हिचे जंतू. घरात नाही हो, प्रयोगशाळेत. पण डोक्यात घालून घरी आणतेच. जेवता जेवता घास हातात धरून तंद्री लावते, मग आमची ही म्हणते, "अगं, तुझा जंतू जेवला असेल केव्हाच. तू जेव."

मी त्याच इमारतीत मशिनं दुरुस्त करतो. फ्रीज, गरम पेट्या, जंतूंच्या नळ्या गदागदा हलवणारा शेकर, जे काही गुरगुरतं किंवा गुरगुरायचं थांबतं ते सगळं माझ्या गळ्यात. शाळा मी लवकर सोडली, का शाळेनं मला सोडलं, याचा निकाल अजून लागायचाय. सूनबाई वरच्या मजल्यावर पांढऱ्या कोटात, मी जिन्याखालच्या खोलीत पान्हे घेऊन. लोकांना वाटतं सासऱ्यानं नोकरीला चिकटवून दिली. उलटं आहे. ती आधीपासून तिथं होती. आमचं कार्टं एकदा माझा डबा द्यायला आलं, तिला जिन्यात बघितलं, आणि डबा हातात तसाच घेऊन परत गेलं. त्या दिवशी मी उपाशी राहिलो, पण सून चांगली मिळाली. आता तो बोटीवर असतो, आणि घरात आम्ही तिघं.

तर तिचा जंतू जुलाबाचा. घाण पाण्यातून पोटात जातो आणि भल्याभल्यांना आडवं करतो. पाण्यात असताना त्याला एक शेपटी असते, ती पंख्यासारखी फिरवत तो सुसाट पोहतो. पण आपल्या पोटात जे शिपाई असतात ना, रक्षण करणारे, ते त्याला त्या शेपटीवरूनच ओळखतात. शेपटी दिसली की धर, मार. म्हणून हा बेटा आत शिरला की नव्या शेपट्या करायचं बंद करतो. चोर घरात शिरताना चपला काढतो, तसं.

मी विचारलं, "त्याला कसं कळतं घरात शिरलो ते? डोळे नाहीत, नाक नाही, मेंदू नाही."

"तेच तर शोधतेय, बाबा."

"आणि बंद कसं करतो? बटण कुठाय?"

त्यावर ती उठली. आमची ही घरी बॅगांच्या चेनी बदलून देते, त्यामुळे आमच्याकडे पाय ठेवशील तिथं चेन. सूनबाईनं एक लांब चेन उचलली, तिच्या एका बाजूच्या दातांवरून रनर थोडा सरकवून दाखवला.

"जीन म्हणजे कपाटात जपून ठेवलेला साचा. तो बाहेर काढत नाहीत, त्याची नक्कल काढतात. त्या नकलेला म्हणायचं आरएनए. ही लांब चेन म्हणजे शेपटीची नक्कल. हा रनर तिच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, की शेपटीचा माल तयार."

"बरं."

"आता हे बघा." तिनं दुसऱ्या चेनीचा बोटभर तुकडा कापला आणि लांब चेनीच्या तोंडाशी दातात दात घालून दाबून बसवला. "चालवा रनर."

मी ओढला. जागचा हलेना.

"हा तुकडा म्हणजे छोटा आरएनए. याच्यापासून काहीही बनत नाही. याचं काम एकच, बरोबर आपल्या जोडीचे दात शोधायचे आणि तिथं जाऊन अडकायचं. रनरला चढायला जागाच नाही. थोड्या वेळानं जंतूच्या आतली कात्री येते आणि ती अडकलेली नक्कल कापून टाकते. साचा कपाटात जसाच्या तसा. माल बंद."

आमची ही ओरडली, "कात्री राहू दे, तू कापलीस ती गिऱ्हाइकाच्या बॅगेची चेन होती!"

त्या दोघींचं पुढं काय झालं मला माहीत नाही. मी त्या तुकड्याकडेच बघत बसलो. फ्रीजमध्ये एक रिले असतो. एवढासा. तो टक् करतो आणि एवढा मोठा कॉम्प्रेसर गप्प बसतो. मला आयुष्यभर वाटत आलंय की माणसानं काय डोकं लढवलंय. आणि इथं, डोळ्याला दिसतसुद्धा नाही अशा किड्याच्या पोटात, त्याहून बारीक रिले, तोही धाग्याचा, लागला तेव्हा विणायचा आणि काम झालं की कापून टाकायचा. मूर्ती लहान म्हणतात ती किती लहान असावी!

आता अडचण ऐका. शेपटी बंद करणारा असा तुकडा आहे, असं जगात फक्त सूनबाई म्हणत होती. कारण तिला तो एकदा दिसला होता. दिसला म्हणजे कसा, तर जंतू फोडून त्यांचा सगळा आरएनए काढायचा, तो एका चिवट थरातून विजेनं ओढायचा. लहान तुकडे पुढं पळतात, मोठे मागं राहतात. मग हवा तोच तुकडा उजळेल असं औषध लावून अंधाऱ्या पेटीत फोटो काढायचा. तुकडा असला की उजळलेल्या जागी फोटोत काळी रेघ उमटते. तिला एकदा उमटली होती, काजळ ओढावं तशी ठसठशीत. त्यानंतर कितीदा केलं, कोरी पाटी.

एवढंच नाही. तिनं खटपट करून तो तुकडाच नसलेला जंतू तयार केला होता. म्हटलं आता तरी फरक दिसेल. काही नाही! साधा जंतू आणि तुकडा काढलेला जंतू, दोघंही जुळ्या भावांसारखे पोहत होते.

प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडम म्हणजे तोलून बोलणाऱ्या बाई. त्यांनी सांगितलं, "एकदाच दिसलं याचा अर्थ दिसलं नाही. ती रेघ नव्हती, कचरा होता. या महिनाअखेर हे काम बंद कर आणि दुसऱ्या टेबलावर जा."

घरी येऊन सूनबाई आमच्या हिला म्हणाली, "आई, मला स्वतःचीच शंका यायला लागलीय. मी बघितलं होतं का खरंच?"

आमच्या हिला जंतूंचं काही समजत नाही, पण माणसांचं समजतं. म्हणाली, "तू कधी नसलेलं बघत नाहीस. तुझ्या नवऱ्यात तुला एकही जास्तीचा गुण दिसला नाही, मी बघतेय ना."

मग सुरू झाली झोडपाझोडपी. सूनबाईनं जंतू ज्यात वाढतात ते सूप बदललं, मीठ कमीजास्त केलं, गरम पेटी चढवली-उतरवली. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. मीही माझी अक्कल पाजळली. मला आठवत होतं की ती रेघ आली त्या दिवशी आमच्या शेकरचा पट्टा तुटला होता आणि तिनं नळ्या खालच्या मजल्यावर दुसऱ्यांच्या शेकरवर नेल्या होत्या. मी छातीठोक सांगितलं, "पोरी, खालचं मशीन जुनं, खडखडतं. वेग कमी. जंतू कमी हलले म्हणून तुझा तुकडा उगवला. माझ्याशी पैज लाव."

तिनं माझं ऐकून वेग कमी केला. रेघ नाही. आणखी कमी केला. नाही. जास्त केला, तर सूप झाकणाला लागलं आणि मला साफ करावं लागलं. पैज हरलो. घरी आठवडाभर भांडी घासली.

शेवटी एके दुपारी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"बाबा, शेकर बंद करा."

"का? चांगला चाललाय."

"त्या दिवशी बंद पडला होता ना? मग बंद करा. मी त्या दिवशी जे केलं ते सगळं परत करणार. वेड्यासारखं, काही न गाळता."

मी वर जाऊन प्लग काढला. तिनं हातमोजे चढवले, नळ्यांचा स्टँड शेकरवरून काढून टेबलावर ठेवला. मी पुढं होऊन दार धरलं. तेवढ्यात तिनं नळ्यांच्या झाकणांवरून हात फिरवला, फट फट फट, एकेक झाकण घट्ट. प्रयोगशाळेतल्या लोकांना हे बघायला लागत नाही, हातच करतात. स्टँड डब्यात ठेवला, डबा उचलला, जिन्यापर्यंत आली आणि पहिल्या पायरीवर थिजली.

मला वाटलं पायात गोळा आला. "काय गं? मी धरू का डबा?"

"बाबा, मी आत्ता काय केलं?"

"चाललीस."

"त्याच्या आधी."

"झाकणं लावलीस."

ती जिन्यात भिंतीला टेकली. डबा मात्र दोन्ही हातांत सरळ धरलेला, रोगाचे जंतू ना ते. चेहरा पांढरा, मग लालेलाल.

मला तिनं तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. यांच्यात नियम असा, जंतू वाढवताना नळीचं झाकण कधी घट्ट लावायचं नाही. अर्धा आटा सैल. म्हणजे आत हवा जाते, जंतू श्वास घेतात, सूप छान दाट होतं. नव्या माणसाला पहिल्यांदा हेच शिकवतात. पण नळ्या कुठं न्यायच्या असतील तर झाकण घट्ट, सांडलं तर अनर्थ. आणि पोचल्यावर पुन्हा अर्धा आटा सैल करायचं. त्या दिवशी खालच्या मजल्यावरचा माणूस घाईत होता, "ठेवायचं तर ठेवा पटकन, मला कुलूप लावायचंय" म्हणून तो मागं लागला, आणि हिनं नळ्या ठेवल्या त्या तशाच ठेवल्या. घट्ट. सैल करायच्या राहिल्या.

"एवढी बाळबोध चूक, बाबा! कुणाला सांगायची सोय नाही."

"मग जंतू गुदमरले असतील?"

"मेले नाहीत. वाढले. पण हवा संपली असणार त्यांची." ती माझ्याकडे बघत होती, पण तिला मी दिसत नव्हतो. "बाबा, पोटात हवा असते का?"

"माझ्या पोटात भरपूर. सासूला विचार."

"ती नाही हो!" ती हसली आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "ऑक्सिजन. आतड्यात पार आत ऑक्सिजन नसल्यातच जमा. जंतूला डोळे नाहीत, नाक नाही, तुम्हीच म्हणाला होतात ना? त्याला घर ओळखायला डोळे कशाला हवेत? हवा संपली की तो समजतो, आलो आत. आणि आम्ही इथं वर्षानुवर्षं त्याला भरपूर हवा घालतोय आणि विचारतोय, बाबा रे, तू पोटात गेल्यावर काय करतोस? तो कधी पोटात गेलाच नव्हता आमच्याकडे. एकदाच गेला, त्या दिवशी."

त्या नळ्यांमध्ये लाखो करोडो होते, आणि सगळ्यांना एकाच वेळी वाटलं होतं, आलो. कुणीही कुणाला न सांगता सगळ्यांनी चपला काढल्या होत्या. आणि बाहेर आम्ही शहाणी माणसं मशिनाचा वेग मोजत बसलो होतो.

"आता मॅडमना सांगतेस?"

"रेघ आल्यावर. आधी सांगितलं तर म्हणतील, कचऱ्याला नवं कारण शोधलंस."

तिनं नव्यानं नळ्या लावल्या. साध्या जंतूची एक सैल झाकणाची, एक घट्ट झाकणाची. तुकडा काढलेल्या जंतूचीही एक सैल, एक घट्ट. मी शेकरचा प्लग लावून दिला आणि बाजूला झालो.

जंतू फोडायच्या दिवशी तिनं मला टेबलाच्या जवळ उभंही राहू दिलं नाही. मी म्हटलं, "मी हात धुतलेत, दोनदा."

"धुवून जात नाही, बाबा. आपल्या घामात, कातडीवर एक रसायन असतं, ते आरएनएचे तुकडे तुकडे करतं. एक बोट लागलं तरी महिन्याची मेहनत गेली."

"म्हणजे माझ्या बोटांतसुद्धा कात्री?"

"प्रत्येकाच्या."

मी हात मागं बांधून उभा राहिलो. या हातांनी इतकी मशिनं उघडली, आणि यांच्यात कात्री आहे हे मला या वयात कळतंय. आपण आपल्याला ओळखतो म्हणतो, काय ओळखतो कपाळ!

फोटो काढायच्या पेटीशी मात्र मला बोलावणं आलं. तिच्यातला कॅमेरा बर्फासारखा थंड ठेवावा लागतो आणि त्याचा थंड करणारा पंखा रडायला लागला होता. मी खाली बसून पंख्याची धूळ काढली, तेल दिलं, रडणं थांबलं. उठतोय तर मागं मोठ्या मॅडम.

"महिनाअखेर जवळ आली," त्या सूनबाईला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुमची सून हट्टी आहे."

"मॅडम, निवड मुलाची. माझ्याकडे तक्रारी घेतल्या जात नाहीत."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला. सूनबाईनं पेटीचं दार लावलं आणि बटण दाबलं. पडदा करडा होता. मी श्वास धरला, का ते विचारू नका, माझ्या श्वासानं तिथं काय फरक पडणार होता. हळूहळू करड्यातून चार नळ्यांचे चार रकाने दिसायला लागले. तुकड्याच्या जागी पहिला कोरा. तिसरा कोरा. चौथा कोरा. आणि दुसऱ्यात, साधा जंतू, घट्ट झाकण, तिथं आधी धुरकट, मग गडद, मग काळीभोर रेघ.

सूनबाईचा हात तोंडावर.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चारही रकान्यांत आरएनए सारखाच भरला होतास?"

"खाली बघा मॅडम, माल सारखा आहे का ते तपासायची दुसरी रेघ चारींत सारखी आहे."

"रकाने उलटे नाही लावलेस?"

"नाही."

"काय वेगळं केलंस?"

सूनबाईनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि सांगून टाकलं. "झाकण सैल करायला विसरले होते, मॅडम. तेव्हा चुकून. आत्ता मुद्दाम."

मला वाटलं आता बाई फाडून खाणार. मॅडमनी पडद्यावरच्या त्या रेघेवर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "मी स्वतः किती जणांना शिकवलंय, अर्धा आटा सैल." आवाज एकदम म्हातारा झाला होता. पण लगेच ताठ झाल्या. "रेघ आहे, मान्य. रेघ म्हणजे काम नाही. तो तुकडा शेपटी बंद करतो हे कुठं दिसलं? नळ्या उरल्यात?"

"उरल्यात."

"चल. सूक्ष्मदर्शकाखाली बघू." मग दाराशी थांबून मला म्हणाल्या, "तुम्हीही या. कोट घाला, हात खिशात ठेवा."

सूक्ष्मदर्शकाला पडदा जोडलेला होता. सूनबाईनं प्रत्येक नळीतला थेंब काचेवर घेऊन वरून काच बसवली, कडा बंद केल्या. पहिला थेंब, साधा जंतू, सैल झाकण. अहो, पडद्यावर नुसती धावपळ! सुट्टी झाल्यावर शाळेचं दार उघडावं तशी. तुकडा काढलेला, सैल झाकणाचा, तोही तसाच. जुळे भाऊ, सांगितलंच.

मग साधा जंतू, घट्ट झाकण. सूनबाईनं काच सरकवली आणि पडदा शांत झाला. जंतू होते, ढिगानं होते. पण जागच्या जागी डुलत होते नुसते, पाण्यानं हलवलं तेवढं हलायचं. एखाददुसरा पळत होता, त्याला बातमी उशिरा कळली असावी. बाकी सगळे घरी आल्यासारखे निवांत.

"शेवटचा लाव," मॅडम म्हणाल्या. त्यांनी टेबलाची कड धरली होती.

शेवटचा म्हणजे झाकण घट्ट, पण तुकडा काढलेला. यालाही हवा नव्हती. हाही पोटात शिरल्यासारखाच होता. थेंब पडद्यावर आला आणि मी पुढं झुकलो. सुसाट. शेपट्या फिरवत सगळे सुसाट, जणू अजून नदीतच आहेत. त्यांच्याजवळ साचा होता, नक्कल होती, सगळं होतं. बोटभरही नाही, नखभरही नाही, एका धाग्याचा तुकडा तेवढा नव्हता, आणि तेवढ्यासाठी त्या बिचाऱ्यांना शेपटी आवरता येत नव्हती. पोटातल्या शिपायांनी एकेकाला शेपटीला धरून उचललं असतं.

मॅडम स्टुलावर बसल्या. पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "दुसरं टेबल विसर. हे तुझं काम. कुणी विचारलं तर माझं नाव सांग." मग हळूच, "काय सुंदर आहे गं."

त्या गेल्या तरी आम्ही दोघं तिथंच. सूनबाई रडत नव्हती, हसत नव्हती. लहान पोर आकाशात बघतं तशी बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "माणूसजात जन्मल्यापासून हा जंतू माणसाच्या पोटात हे करतोय. आणि आज सकाळपर्यंत हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. आत्ता तिघांना माहीत आहे. तिसरे तुम्ही."

मला घाम फुटला. खरंच सांगतो. मी खिशातले हात बाहेर काढलेच नाहीत.

घरी निघालो. रस्त्यावर नेहमीसारखी माणसं, दुकानांतून बाहेर येणारी, फोनवर भांडणारी, पोरांना ओढत नेणारी. मी एकेकाच्या पोटाकडे बघत चाललो होतो. आत अंधार, हवा नाही, आणि तिथं न जाणो कितीतरी असले तुकडे विणले जातायत, अडकतायत, कापले जातायत, आणि वर हा गृहस्थ भाजीच्या भावावरून हुज्जत घालतोय. एका बाईनं मला पोटाकडे टक लावून बघताना पकडलं आणि अशी काही नजर टाकली की मी रस्ताच ओलांडला.

आमची ही दारातच उभी. "झालं का पोरीचं?"

"झालं. आत ये, बस, सांगतो. जगात तिघांनाच माहीत आहे."

"आणि तुम्ही पोट धरून का चालताय? दुखतंय?"

"नाही गं," मी म्हटलं. "नुसतं जपून चालतोय."